तळमळ आहे, तालीम कुठे आहे?

चळवळीत काम करणाऱ्या माणसाला आपली चूक चारचौघांत सांगायला आवडत नाही. आपण चूक कबूल केली की विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल, अशी भीती त्याला वाटते. तरीही आज आम्ही आमची एक चूक वाचकांपुढे ठेवणार आहोत. ती आमच्या एकट्याची नाही. गावोगावच्या आणि वस्तीवस्तीच्या कार्यकर्त्यांची ती चूक आहे, आणि तिची किंमत आम्हाला मोजावी लागत नाही. ज्यांच्यासाठी आम्ही धावत जातो, त्यांना ती मोजावी लागते.

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका गावात पाण्याच्या नळावरून आमच्या एका भगिनीला मारहाण झाली. जातीवरून शिवीगाळ झाली. निरोप मिळताच आम्ही दहा-बारा जण दोन जीपगाड्या करून निघालो. रात्री गावात पोहोचलो तेव्हा ती बाई अंगणात खाटेवर बसली होती. आम्ही तिच्याभोवती गोल करून बसलो. आमच्यातल्या ज्येष्ठाने विचारले, ‘ताई, काय झाले ते सांगा.’ तिने सांगितले. थोड्या वेळाने तालुक्याचे पदाधिकारी आले, त्यांना तिने पुन्हा सांगितले. मग एक वकील मित्र आले, त्यांना तिसऱ्यांदा सांगितले. आमच्यातला एक उत्साही तरुण हे सगळे मोबाइलवर टिपत होता. सकाळ व्हायच्या आत ती चित्रफीत जिल्हाभर फिरली. तिच्या अंगावर कुठे मारले आणि तिला काय काय बोलले गेले, ते तिच्या सासऱ्यांनी आणि भावकीने मोबाइलवर ऐकले. तिची शाळेत जाणारी मुलगीही त्यातून सुटली नाही.

पोलिसांकडे द्यायचा अर्ज आम्हीच लिहिला. आमच्या भाषेत, आमच्या आवेशात! तिने तिघांची नावे सांगितली होती, आम्ही ‘आणि इतर सर्व’ असे लिहून मोकळे झालो. तिने ‘दिवे लागायच्या वेळी’ म्हटले होते, आम्ही अंदाजाने तास घातला. गुन्हा घडला होता, त्यात तिळमात्र शंका नव्हती. पण खऱ्या गुन्ह्याला आम्ही आमच्या हाताने फट पाडून दिली. पुढे आरोपीच्या वकिलाने त्याच फटीत पाचर मारली.

निघताना त्या भगिनीने जे म्हटले ते आम्ही विसरू शकलो नाही. ती म्हणाली, ‘भाऊ, तुम्ही इतके जण आलात, लई आधार वाटला. पण मला काय पायजे हे कुणी इचारलंच नाही.’ तिला हवे होते ते फार मोठे नव्हते. तिच्या मुलीला त्याच आळीवरून शाळेत जावे लागत होते. आठ-पंधरा दिवस कुणीतरी मुलीला सोबत करावी, एवढेच तिला हवे होते. आमच्याकडे मोर्चाचा बेत होता, निवेदनाचा मसुदा होता, पत्रकारांचे फोन नंबर होते. पोरीला शाळेत सोडायला मात्र एकही माणूस नव्हता!

आमची तळमळ खोटी होती का? मुळीच नाही. पदरमोड करून, दिवसाची मजुरी बुडवून माणसे धावून आली होती. मग चुकले कुठे? आमच्याजवळ तळमळ होती, तालीम नव्हती. ही तालीम म्हणजे काय, ती कुणी द्यायची आणि ती आपल्या चळवळीला परकी आहे काय, याचा विचार आज करायचा आहे.

समाजकार्य हा शिकण्याचा विषय आहे हे आपल्याकडे अजूनही पुष्कळांना पटत नाही. ‘समाजसेवा काय शिकायची असते? ती अंगातच असावी लागते,’ असे आपण ऐकतो. पण आजाऱ्याबद्दल कितीही माया असली तरी सुई टोचायला शिकावेच लागते. १९३६ साली मुंबईच्या नागपाड्यात सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. आज आपण टाटा समाजविज्ञान संस्था म्हणतो ती हीच. तेव्हापासून या देशात समाजकार्याचे रीतसर शिक्षण मिळू लागले. आज महाराष्ट्रात बी.एस.डब्ल्यू. आणि एम.एस.डब्ल्यू. करणारी आपली मुले-मुली पुष्कळ आहेत. एकट्या माणसाबरोबर कसे काम करायचे, गटाबरोबर कसे करायचे, वस्ती संघटित कशी करायची, हे त्यांना शिकवले जाते. वर्गाबरोबरच क्षेत्रकार्य असते. विद्यार्थी प्रत्यक्ष वस्तीत, इस्पितळात, बालगृहात जातो, परत येऊन काय पाहिले आणि आपण काय केले याचा अहवाल लिहितो. तो अहवाल घेऊन शिक्षकासमोर बसतो आणि आपल्या चुका ऐकून घेतो. आपल्या चळवळीत अशी चुका ऐकून घेण्याची जागा कुठे आहे, हे वाचकांनीच सांगावे.

या विषयाची काही मूलतत्त्वे जगभर मानली जातात. फेलिक्स बिएस्टेक नावाच्या अमेरिकन धर्मगुरू प्राध्यापकाने १९५७ साली ती सात कलमांत मांडली. प्रत्येक माणूस वेगळा आहे हे ओळखा. त्याला मन मोकळे करू द्या. आपल्या भावना काबूत ठेवा. तो जसा आहे तसा त्याला स्वीकारा. त्याचा न्यायनिवाडा करायला बसू नका. निर्णय त्याचा त्याला घेऊ द्या. त्याने सांगितलेले गुपित राखा. ही सात कलमे त्या अंगणातल्या आमच्या वागण्याला लावून पाहिली तर आम्ही जवळजवळ प्रत्येक कलमात नापास झालो, असेच म्हणावे लागेल.

यावर कुणी म्हणेल, हे परक्या पुस्तकातले शहाणपण आहे, त्याचा आपल्याशी काय संबंध? अशांनी पुण्याचा इतिहास आठवावा. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या, गरोदर राहिलेल्या विधवांनी तिथे यावे, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हावे, मूल बरोबर न्यायचे की तिथे ठेवायचे ते आपल्या मर्जीने ठरवावे, अशी ती व्यवस्था होती. गोपनीयता आणि स्वयंनिर्णय म्हणजे आणखी वेगळे काय असते? ‘तू असे का वागलीस?’ हा प्रश्न त्या घरात नव्हता. आलेल्या विधवांमध्ये बहुसंख्य ब्राह्मण होत्या. ज्या समाजाने फुले दांपत्यावर शेण-दगड फेकले, त्याच समाजातल्या लेकींची बाळंतपणे सावित्रीबाईंनी केली आणि त्यांची गुपिते पोटात ठेवली. अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तो यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाईंनी देह ठेवला. बिएस्टेकच्या पुस्तकाच्या कितीतरी आधी ही शिकवण आमच्या घरात होती. ती आम्ही जयंतीच्या भाषणापुरती ठेवली, हा आमचा दोष!

आता दुसरी बाजू. समाजकार्याच्या महाविद्यालयातून बाहेर पडलेला पदवीधर हे तंत्र शिकून येतो, पण त्याला जात दिसते काय? पुष्कळदा दिसत नाही. त्याच्या टिपणात ‘वडील व्यसनी, मुले शाळाबाह्य, स्वच्छतेच्या सवयी नाहीत’ एवढेच येते. वस्ती गावाबाहेर का, नळ शेवटच्या टोकाला का, मुलगा शाळेत मागच्या बाकावर का, हे येत नाही. मग उपायही तसेच निघतात. बापाची दारू सोडवा, आईला शिवणयंत्र द्या, मुलाला साबणाने हात धुवायला शिकवा. हे सगळे वाईट नाही. पण रोग एकीकडे आणि मलम दुसरीकडे अशी गत होते.

हा वाद आजचा नाही. पुणे करारानंतर १९३२ च्या सप्टेंबरअखेरीस मुंबईत अस्पृश्यताविरोधी संघ स्थापन झाला, तोच पुढे हरिजन सेवक संघ झाला. घनश्यामदास बिर्ला त्याचे अध्यक्ष होते आणि ठक्करबाप्पा चिटणीस. तिसऱ्या गोलमेज परिषदेसाठी विलायतेला जाताना बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९३२ मध्ये बोटीवरून ठक्करांना एक सविस्तर पत्र लिहिले. पुढे १९४५ च्या ‘काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या अर्थाच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी ते छापले. समाजकार्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती पहिल्या दिवशी ते पत्र द्यावे, असे आमचे मत आहे.

त्या पत्रात बाबासाहेब सांगतात की, या कामाचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग मानतो की, माणूस हलाखीत आहे कारण त्याचे वागणे वाईट आहे. म्हणून दारूबंदी, आखाडे, वाचनालये, शाळा काढून त्याला सद्गुणी करा. दुसरा मार्ग मानतो की, माणसाच्या भोवतालची परिस्थितीच त्याला वाढू देत नाही; ती परिस्थिती बदलल्याशिवाय गत्यंतर नाही. बाबासाहेब निःसंशय दुसऱ्या मार्गाचे. म्हणून त्यांनी संघाला कार्यक्रम दिला तो नागरी हक्कांचा. विहीर, शाळा, चावडी, सार्वजनिक वाहने यांवरचे हक्क मिळवायचे, कामधंद्यात समान संधी मिळवायची, समाजात बरोबरीने वावर सुरू करायचा. यातून संघर्ष होणार, डोकी फुटणार, बहिष्काराचे हत्यार उगारले जाणार, हेही त्यांनी लपवले नाही. आणि म्हणूनच खेड्यापाड्यात टिकून काम करणाऱ्या कार्यकर्त्यांची फौज हवी, असे ते म्हणाले. हे कार्यकर्ते कोण असावेत? पोटासाठी कोणतेही काम पत्करणारे भाडोत्री नकोत. ज्यांना या माणसांबद्दल प्रेम आहे तेच सेवा करू शकतात, आणि असे लोक दलितांतूनच अधिक मिळतील, असे त्यांचे म्हणणे होते.

आमचे पुष्कळ मित्र इथे थांबतात. ‘बाबासाहेबांनी परिस्थिती बदला म्हटले, मग एकेका माणसाचे ऐकत बसायचे ते कशाला?’ असे विचारतात. आम्हाला वाटते, पत्र वाचण्यात इथेच गफलत होते. परिस्थितीविरुद्धची लढाई उभी राहते ती कुणातरी एका माणसाच्या साक्षीवर. नळावर मार खाल्लेली एक बाई उभी राहिली तर हक्क उभा राहतो. ती मोडली, गप्प झाली, माहेरी निघून गेली, तर मोर्चा कितीही मोठा असो, न्यायालयात रिकामी खुर्ची उरते. एकेका माणसाला नीट सांभाळण्याचे कौशल्य हे दुसऱ्या मार्गावरचेच हत्यार आहे. ते बोथट ठेवून लढाई जिंकता येणार नाही.

कायद्यानेही आपल्याला ही जागा दिली आहे. १९८९ च्या अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. त्यातल्या कलम १५-अ प्रमाणे पीडितांना स्वयंसेवी संस्था, समाजकार्यकर्ते आणि वकील यांची मदत घेण्याचा हक्क आहे. म्हणजे समाजकार्यकर्ता हा शब्द खुद्द कायद्यात आला! आरोपीच्या जामिनाची सुनावणी असेल तर पीडिताला आधी कळवले पाहिजे आणि तिथे तिचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे, हेही त्याच कलमात आहे. कलम ४ प्रमाणे तोंडी फिर्याद लिहून घेतल्यावर सही घेण्याआधी ती फिर्यादीला वाचून दाखवणे हे पोलीस अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. नियमांत सात दिवसांच्या आत तातडीची मदत देण्याची तरतूद आहे. आमच्यापैकी किती जणांनी ठाण्यात बसून ‘साहेब, आधी वाचून दाखवा’ असे शांतपणे म्हटले आहे? घोषणा देणारे शंभर मिळतात, फिर्याद ओळीने ऐकून ‘ही वेळ चुकली, दुरुस्त करा’ म्हणणारा एक मिळत नाही. या कायद्याचा गैरवापर होतो अशी कायम ओरड करणाऱ्यांना आमची प्रत्येक ढिलाई दाणापाणी पुरवते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

तर मग ही तालीम कशाची? आम्हाला अनुभवाने कळलेल्या चार-पाच गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट ऐकण्याची. पीडित माणसाशी एकाने किंवा दोघांनी बोलावे. बाईशी बोलायला बाई असावी. बाकीच्यांनी बाहेर थांबावे. मध्ये तोडू नये, शब्द सुचवू नयेत, ‘म्हणजे त्याने असे केले ना?’ असे आपल्या मनातले उत्तर तिच्या तोंडी घालू नये. ती गप्प राहिली तर आपणही गप्प राहावे. माणसे सगळे पहिल्या भेटीत सांगत नाहीत, आणि त्यालाही कारण असते.

या संदर्भात १९२९ साली चाळीसगावला घडलेला प्रसंग आठवतो. बाबासाहेबांनी तो आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. ते धुळ्याहून परतत होते. चाळीसगावच्या लोकांनी त्यांना मुक्कामाला नेण्यासाठी उतरवून घेतले, पण तासभर स्टेशनवरच थांबवून ठेवले. मग टांगा आला. तो चालवणारा नवखा होता. वाटेत पुलावर अपघात झाला, बाबासाहेब फेकले गेले आणि जबर जखमी झाले. नंतर चौकशी केल्यावर कळले की, टांगेवाल्यांनी महाराला बसवून टांगा हाकायला नकार दिला होता. आपल्या पाहुण्याने पायी यावे हे तिथल्या लोकांच्या मानाला पटत नव्हते. म्हणून त्यांनी टांगा भाड्याने घेतला आणि आपल्यातलाच, टांगा हाकण्याची सवय नसलेला एक माणूस हाकायला बसवला. ते हे सगळे स्टेशनवर बोलले नव्हते. मानापायी माणसे किती झाकून ठेवतात! बाबासाहेबांनी त्यांना अडाणी ठरवले नाही. विचारपूस केली, कारण समजून घेतले आणि त्यामागची जातीची क्रूर रचना जगापुढे मांडली. आधी ऐका, मग शोधा, मग मांडा. हा क्रम उलटा करून चालत नाही.

दुसरी गोष्ट नोंदीची. त्याच दिवशी, तिच्याच शब्दांत लिहावे. तारीख, वेळ, जागा, कोण हजर होते, कुणी पाहिले हे टिपावे. जे तिने सांगितले ते वेगळे, जे आपल्याला वाटते ते वेगळे. दोन्ही एका ओळीत मिसळू नयेत. आणि लिहिलेले तिला वाचून दाखवावे.

तिसरी गोष्ट गुपित राखण्याची. जखमेचे छायाचित्र पुराव्यासाठी घ्यायचे ते तिच्या संमतीने घ्यावे आणि तपास अधिकाऱ्याकडे, वकिलाकडे द्यावे. गटागटांत पाठवू नये. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हाच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये त्याला शिक्षा आहे. मूल असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा त्याची ओळख उघड करू देत नाही. ‘समाज जागा व्हावा म्हणून आम्ही फोटो टाकला’ ही सबब कायद्यात बसत नाही आणि माणुसकीतही बसत नाही. आपल्या लेकीचा तसा फोटो आपण फिरवू काय?

चौथी गोष्ट निर्णयाची. फिर्याद द्यायची का, गावात राहायचे का, पत्रकारांशी बोलायचे का, हे तिने ठरवायचे. आपण तिला तिचे हक्क सांगावेत, धोके सांगावेत, आपल्याला काय जमेल आणि काय जमणार नाही हेही सांगावे. खोटा धीर देऊ नये. कुणी तिच्यावर तडजोडीसाठी दबाव आणत असेल तर त्याच्या आड उभे राहावे. पण तडजोड मोडण्याच्या नादात आपलाच दबाव तिच्यावर टाकू नये. पाटलाच्या वाड्यावरून सुटलेली बाई पुढाऱ्याच्या ओसरीवर अडकली, तर तिला स्वातंत्र्य कुठले मिळाले?

पाचवी गोष्ट पैशाची आणि मोठेपणाची. पीडित कुटुंबासाठी गोळा केलेल्या प्रत्येक रुपयाची पावती असावी आणि हिशेब त्या कुटुंबालाही दाखवावा. मदतीचा धनादेश देताना फोटोसाठी रांग लावू नये. आणि प्रकरण हाती घेतले की तारखा संपेपर्यंत सोडू नये. पहिल्या दिवशी जीपभर माणसे आणि तिसऱ्या वर्षी साक्षीच्या दिवशी एकही नाही, हे चित्र आपल्याला नवे नाही. दर तारखेला तिच्याबरोबर एस.टी.ने जाणारा एक माणूस हा दहा वक्त्यांपेक्षा मोठा कार्यकर्ता आहे.

हे शिकायचे कुठे? आपल्या वस्त्यांमध्ये बुद्धविहारे आहेत, समाजमंदिरे आहेत. समाजकार्य शिकलेली आपली मुले-मुली आहेत. त्यांतले कित्येक जण नोकरीच्या शोधात फिरतात आणि कंत्राटावरच्या प्रकल्पांत राबतात. चळवळ त्यांना ‘एन.जी.ओ.वाले’ म्हणून हिणवते. ते चळवळीला ‘नुसत्या घोषणा’ म्हणून टाळतात. ही दोन भावंडे एका अंगणात बसली पाहिजेत. विहारात महिन्यातून एक रविवार यासाठी काढावा. पदवीधराने ऐकणे, लिहिणे, ठाण्यात बोलणे शिकवावे. जुन्या कार्यकर्त्याने गाव कसे वाचायचे, सरपंचाच्या गोड बोलण्यामागे काय असते, बहिष्कार कसा सुरू होतो, हे शिकवावे. महाविद्यालयात हा धडा सहसा मिळत नाही. आणि प्रत्येक प्रकरणानंतर एकत्र बसून एकच प्रश्न विचारावा : आपण गेल्यामुळे त्या माणसाचे बळ वाढले की कमी झाले?

बाबासाहेबांनी प्रेमाची अट घातली होती. प्रेम करणारा माणूस शिकायला लाजत नाही. आई पहिल्या बाळंतपणात सुइणीकडून मूल धरायला शिकते, तेव्हा तिचे प्रेम काही कमी ठरत नाही. आपण तर लोकांची आयुष्ये हातात धरतो.

त्या भगिनीच्या गावाला आम्ही नंतरही गेलो. या वेळी दोघेच गेलो, कॅमेरा नेला नाही. चहा झाला, पाऊसपाण्याच्या गोष्टी झाल्या. बराच वेळ गेल्यावर आम्ही विचारले, ‘ताई, आम्ही काय करावे असे तुम्हाला वाटते?’ तिने उत्तर द्यायला वेळ घेतला. आम्ही थांबलो. मग ती बोलू लागली, आणि त्या रात्री कुणालाच न सांगितलेल्या गोष्टी तिने त्या दिवशी सांगितल्या. त्या इथे लिहिणार नाही. त्या तिच्या आहेत.

जयभीम!